पिकअपच्या हौद्याला लेप : कोणता, केव्हा आणि कसा?



आपल्याकडे बंडी होती तेव्हा तिची निगा कशी राखायची हे कोणाला शिकवावं लागत नव्हतं. पेरणीआधी वंगण घालायचं, धाव ढिली झाली की लोहाराकडे न्यायची, पावसात बंडी उघड्यावर ठेवायची नाही. घरातल्या पोरासोरांनाही हे ठाऊक असायचं. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा जिनिंगसमोर बंड्यांच्या रांगा लागत. ती योजनाही गेली आणि त्या रांगाही गेल्या. आता नाचणगावहून पुलगावला कापूस निघतो तो पिकअपमधून. टाटा कंपनीचा ‘छोटा हत्ती’ २००५ साली रस्त्यावर आला आणि लहान मालगाडी खेड्यापाड्यात पोचली. कोणी गटात मिळून गाडी घेतली, कोणी कर्ज काढून घेतली.

गाडीच्या इंजिनाची आपण काळजी घेतो. तेल बदलतो, टायर पाहतो. पण माल ज्यात भरतो त्या हौद्याकडे मात्र लक्ष जात नाही. लक्ष जातं तेव्हा पत्र्याला भोकं पडलेली असतात. गाडीचे हप्ते फिटायच्या आधी हौद्याची चाळणी झाली, तर ते नुकसान कोणतीही सबसिडी भरून देत नाही. म्हणून या पत्रकात हौद्याच्या लेपाची माहिती देत आहोत. हल्ली शहरात ‘हौद्याला फवारणीचा लेप मारून घ्या, गाडीला काही होणार नाही’ असं सांगितलं जातं. त्यात खरं किती आणि आपल्या कामाचं किती, हे नीट पाहू.

हौदा गंजतो का?

लोखंड, पाणी आणि हवा हे तिघे एकत्र आले की गंज धरतो. यातला एक जरी दूर ठेवला तरी गंज थांबतो. रंगाचं काम एवढंच की पाणी आणि हवा पत्र्यापर्यंत पोचू द्यायची नाही. पण हौद्यात आपण नांगर टाकतो, पाइप ओढतो, फावड्याने मुरूम खरवडतो. रंगाला ओरखडा पडतो. त्या ओरखड्यातून पाणी शिरतं आणि गंज रंगाच्या खालून पसरत जातो. वरून फोड दिसतो तोवर आत बरंच काम झालेलं असतं.

आपल्या भागात याला आणखी तीन कारणं आहेत.

१. खत. पोटॅश खतात क्लोराइड असतं. ते मिठाच्याच जातीचं आहे. सांडलेलं खत हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पत्र्यावर खारट पाण्याचा थर तयार होतो. असा थर असला की गंज झपाट्याने वाढतो. सुपर फॉस्फेटमध्ये थोडं आम्ल राहिलेलं असतं, तेही पत्र्याला चांगलं नाही.

२. शेणखत. ओलं शेणखत रात्रभर हौद्यात राहिलं की खालचा पत्रा रात्रभर ओला राहतो.

३. काळी माती. आपल्या वावरातली चिकट माती हौद्याच्या कोपऱ्यात आणि फाळक्याच्या बिजागरीत बसते. वरून वाळते, पण आत ओल धरून ठेवते. पाणी जायची भोकं हीच माती बुजवते.

गंजाचा तोटा गाडीपुरता नाही. गंजलेल्या हौद्यात पांढरा कापूस मोकळा भरला तर तांबूस डाग लागतात, रंगाचे पोपडे रुईत जातात. कापसाची खरेदी होताना ओलावा पाहतात तसा स्वच्छपणाही पाहतात. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस चालतो आणि ८ च्या वर गेला की भाव कापला जातो. ओलावा वाळवून कमी करता येतो, पण गंजाचा डाग वाळवून जात नाही. वर्षभर घाम गाळून पिकवलेला माल शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये हलका ठरू नये.

आधी ठरवा : लेप हवाच का?

दुकानात जाण्याआधी घरी बसून एक प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या गाडीत वर्षातून काय काय भरलं जातं?

नुसता पोत्यांतला सोयाबीन, तूर, कापूस भरत असाल तर महागडा लेप लागत नाही. रेडऑक्साइडचा हात देऊन वरून चांगला ऑइलपेंट दर एक-दोन वर्षांनी मारला आणि खाली स्वच्छ ताडपत्री अंथरली तरी भागतं.

रबराची जाड मॅट हा दुसरा स्वस्त उपाय. आदळआपट ती छान सोसते. पण मॅटखाली पाणी आणि खत साचतं. मॅट महिन्यातून एकदा उचलून खाली धुवायची आणि वाळवायची तयारी असेल तरच घ्या. तयार प्लॅस्टिकचा साचा हौद्यात बसवतात, त्याचंही तसंच. तो गाडीच्या हादऱ्याने घासतो, खालचा रंग खातो आणि आत पाणी धरतो. वरून झकास, खालून भकास.

मुरूम, गोटे, शेणखत, उघडं खत, लोखंडी अवजारं, पाइप, ढोरं, अशी सगळी वाहतूक एकाच गाडीतून होत असेल, आणि गाडी दहा वर्षं वापरायची असेल, तर मात्र जाड लेपाचा विचार जरूर करावा. लेप पत्र्याला सगळीकडून चिकटलेला असल्याने त्याच्याखाली पाणी शिरायला जागाच राहत नाही. मॅटमध्ये आणि लेपात मोठा फरक आहे तो हाच.

लेपाचे प्रकार

बाजारात नावं पुष्कळ आहेत, पण जाती दोन-तीनच आहेत.

पॉलियुरेथेन : जर्मनीत ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली हा पदार्थ शोधला. गादीतला फोम, चपलेचा तळ याच जातीचे. दोन डब्यांतली द्रव्यं मिसळून हा लेप होतो. ब्रशने, रोलरने किंवा फवाऱ्याने देता येतो. याचा एक स्वभाव लक्षात ठेवा. ओला असताना याला पाण्याचा संसर्ग झाला तर त्यात वायूचे बुडबुडे होतात आणि लेप स्पंजासारखा पोकळ बनतो. म्हणून दमट हवेत हे काम बिघडतं.

पॉलियुरिया : नावात युरिया आहे म्हणून खताशी नातं जोडू नका. याची फवारणी अमेरिकेत १९८० च्या दशकात पुढे आली आणि तिथल्या पिकअप गाड्यांमध्ये ती रुळली. दोन द्रव्यं यंत्रात गरम करून मोठ्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशी मिसळतात. पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत ती गोठतात. त्यामुळे उभ्या भिंतीवरही जाड थर बसतो, ओघळत नाही. हा लेप चिवट असतो आणि हवेतल्या ओलाव्याने सहसा बिघडत नाही. पण यंत्र महाग, कारागीर शिकलेला लागतो. हे काम गावच्या गॅरेजात होणारं नाही, मोठ्या शहरातच चौकशी करावी लागेल. काही लेप या दोन्हींचं मिश्रण असतात.

हाताने लावायचा डबा : रोलरने लावायचा, रबराचे कण मिसळलेला लेप. हा स्वस्त पडतो आणि आपला आपण लावता येतो. पण याचा थर पातळ बसतो. डब्यात थिनर असलं तर ते उडून जातं आणि थर आणखी पातळ होतो. रंगापेक्षा बरा, जाड फवारणीपेक्षा कमी, असा हा मधला मार्ग.

डांबरी रंग गाडीच्या पोटाखाली ठीक आहे, हौद्यात नको. आपल्या उन्हाळ्यात तो मऊ पडतो आणि पोत्यांना चिकटतो.

जाडीचा हिशोब स्वतः करा

‘चौरस फुटाला अमुक रुपये’ एवढं ऐकून मान डोलावू नका. किती मिलिमीटर जाड, ते आधी विचारा. पेरणीला एकरी किती किलो बियाणं ते विचारता ना, तसंच हे. वाहनाच्या हौद्यासाठी चांगली फवारणी साधारण दीड ते तीन मिलिमीटरची असते.

समजा, हौदा ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तळ झाला साडेएकोणपन्नास चौरस फूट. चारी बाजू मिळून साडेत्रेचाळीस. बेरीज ९३. तळाचा पत्रा नालीदार असतो, त्याचे थोडे धरले की झाले १०० चौरस फूट.

आता एक सूत्र पाठ करा : १०० चौरस फुटांवर १ मिलिमीटर थर द्यायला सव्वानऊ लिटर लेप लागतो. दोन मिलिमीटर हवा असेल तर साडेअठरा लिटर. फवाऱ्यात उडून जाणारा माल वेगळा.

म्हणजे कोणी दोन मिलिमीटर सांगून तुमच्यासमोर दोन्ही डबे मिळून आठच लिटर माल वापरला, तर थर एक मिलिमीटरही बसलेला नाही. भांडण नको, आधीच सांगून ठेवा की डबे माझ्यासमोर फुटतील आणि रिकामे डबे मी मोजीन. चार लिटरचा हाताने लावायचा डबा एवढ्या हौद्याला पुरवला, तर थर ओला असतानाच अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी बसतो हेही यावरून कळेल.

साडेअठरा लिटर लेपाचं वजन वीस किलोच्या आसपास भरतं. नोंदणीच्या कागदावर जेवढा भार लिहिला आहे त्यातूनच ते जाणार. लेपाने पत्रा सुरक्षित राहतो, गाडीची ताकद वाढत नाही. लेप दिला म्हणून जास्तीचा माल भरू नये.

पाया पक्का तर लेप पक्का

वावराची मशागत न करता महाग बियाणं पेरलं तर काय उगवणार? इथेही तेच. लेप निघतो तो बहुतेक वेळा तयारी कच्ची राहिल्यामुळे. काम या क्रमाने झालं पाहिजे :

१. हौदा रिकामा करून दाबाच्या पाण्याने धुवा. कोपरे, बिजागऱ्या, भोकं मोकळी करा. खताचा खार पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि दिवसभर वाळू द्या.

२. पत्रा हातोडीने हलके ठोकून पाहा. जिथे बद्द आवाज येतो किंवा टोच्या आत घुसतो तिथला पत्रा सडला आहे. तो कापून नवा जोडून घ्या. लेप हे ठिगळ नव्हे, तो भोक बुजवत नाही. सगळं वेल्डिंग लेपाआधी उरका. लेप दिल्यावर वेल्डिंग केलं तर लेप जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

३. गंज ग्राइंडरने किंवा तारेच्या ब्रशने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. वाळूच्या माऱ्याची सोय असेल तर सर्वांत उत्तम. गंजावर लेप देणं म्हणजे गळवावर पट्टी बांधणं. वरून दिसत नाही, आत चिघळत राहतं.

४. चांगला असलेला रंगही ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरडून खरखरीत करा. गुळगुळीत रंगावर लेप धरत नाही.

५. तेल, ग्रीस, डिझेलचे डाग थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा. फडकं वरचेवर बदला.

६. उघड्या पत्र्यावर लेपवाल्याने सांगितलेला प्रायमरच द्या. भलताच प्रायमर लेपाशी जुळत नाही.

७. पाणी जायची भोकं, बिजागऱ्या, दोर बांधायचे हुक आणि बोल्टचे आटे टेपने झाका. भोकं लेपाने बुजली तर हौद्याचा हौदच होईल.

कामाला वेळ होळीच्या आसपासची चांगली. कापसाची धावपळ ओसरलेली असते, हवा कोरडी असते आणि ऊन अजून चढलेलं नसतं. पावसाळ्यात हे काम काढू नये. वैशाखात काढायचंच झालं तर सावलीत, सकाळी करावं. उन्हातला तापलेला पत्रा लेपाला नीट पसरू देत नाही. हाताने लावलेल्या लेपाला डब्यावर लिहिलेला वाळायचा काळ पूर्ण द्या. वरून सुकला म्हणजे आतून पक्का झाला असं नाही.

रंग आणि खरखर

काळा लेप बहुतेक ठिकाणी मिळतो. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. काळ्या हौद्यात उघडी भाजी नेली तर बाजारात पोचेपर्यंत ती मान टाकते, आणि ढोरांचे खूर पोळतात. भाजीपाला, दुधाच्या कॅन, संत्री नेणाऱ्यांनी राखाडी किंवा फिका रंग मागावा. साधा लेप उन्हाने फिका आणि पांढुरका पडतो. त्याने मजबुती लगेच जात नाही, पण रंग टिकवायचा असेल तर वरून ऊन सोसणारा हात देतात, त्याची वेगळी चौकशी करा.

पृष्ठभाग किती खरखरीत हवा तेही सांगा. ढोरं नेत असाल तर खरखर हवी, पाय घसरत नाहीत. पोती ओढून काढायची असतील तर फार खरखर नको, पोतं फाटतं आणि माणूस दमतो. खत, भाजी, दूध असलं तर बारीक खरखर बरी, धुवायला सोपी.

श्वासाची काळजी : हे वाचल्याशिवाय काम सुरू करू नका

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन कास्तकार आणि मजूर दगावले. ते आपण विसरलेलो नाही. औषधाची फवारणी असो की लेपाची, उडालेला तुषार छातीत जातो हे दोन्हीकडे सारखंच.

या लेपाच्या एका डब्यात आयसोसायनेट नावाचं द्रव्य असतं. १९८४ साली भोपाळला जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. लेपातलं द्रव्य ते नव्हे, तितकं उडणारंही नव्हे, पण घराणं एकच आहे. याचा तुषार श्वासात गेला तर दम्यासारखा त्रास जडू शकतो. एकदा तो जडला की पुढे थोड्याशा वासानेही धाप लागते. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असंही समजू नका.

तोंडाला बांधलेला दुपट्टा इथे काही कामाचा नाही. धुळीचा साधा मास्कही पुरत नाही. फवारणाऱ्या कारागिराला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, चष्मा, हातमोजे आणि अंगभर कपडे लागतात. दुकान निवडताना हे डोळ्यांनी पाहा. ज्या दुकानात पोरगं उघड्या तोंडाने फवारतं, तिथे स्वस्तात काम होत असलं तरी देऊ नका. आपल्या हौद्यासाठी दुसऱ्याच्या पोराची छाती जायला नको. आणि जो मालक माणसाची काळजी घेत नाही, तो तुमच्या पत्र्याची काय घेणार?

घरी रोलरने लावायचा झाला तर उघड्यावर लावा, डब्यावर सांगितलेला मुखवटा आणि हातमोजे वापरा, लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना जवळ येऊ देऊ नका. असा डबा औषधाच्या पंपात भरून मारण्याचा उद्योग तर मुळीच करू नका. जुना रंग घासताना उडणारी धूळही नाकात जाऊ देऊ नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

आधी पट्टी, मग हौदा

नवं वाण आपण आधी दोन ओळींत लावून पाहतो. तसंच इथे करा. भंगारातले दोन पत्र्याचे तुकडे लेपवाल्याकडे द्या आणि तुमच्या हौद्याला देणार तोच लेप, तेवढ्याच जाडीचा, त्यांच्यावर मारून घ्या. लेप पक्का झाल्यावर एका तुकड्यावर हातोडी मारा, सुरीने कड उचलून पाहा. दुसऱ्यावर सुरीने पत्र्यापर्यंत चीर पाडा आणि तो पोटॅश विरघळलेल्या पाण्यात आठ दिवस बुडवून ठेवा. चिरेच्या आजूबाजूला लेप सोलून निघाला तर गाडी त्या दुकानात नेऊ नका. हा खर्च काही रुपयांचा, पण यातून कळतं ते कोणत्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

काम देताना चार गोष्टी पावतीवर लिहून घ्या : लेपाची जात, जाडी, किती वर्षं न सुटण्याची हमी, आणि सुटला तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने. गाडी नवी असेल तर कंपनीच्या हमीपत्रात गंजाबद्दल काय लिहिलं आहे तेही वाचा. तोंडी हमी वाऱ्यावरची.

लेपानंतरची निगा

लेप दिला म्हणजे निगा संपली असं नाही. खत वाहिल्यावर त्याच दिवशी हौदा धुवा. भोकं मोकळी ठेवा. पोळ्याला बैल धुतो, सजवतो. त्याच दिवशी गाडीचा हौदाही धुऊन कोपरान् कोपरा पाहावा. कुठे लेप कापला गेला असेल तर तेवढी जागा घासून, पुसून लगेच ठिगळ द्या. बारीक भेग म्हणजे गंजाला उघडलेलं दार.

आणि एक महत्त्वाचं. कीटकनाशकाची बाटली हौद्यात फुटली किंवा सांडली, तर खरखरीत लेपाच्या खाचांत औषध राहतं. नुसतं एकदा पाणी मारून भागत नाही. हातमोजे घालून साबणाने दोन-तीनदा घासून धुवा आणि ते पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका. त्यानंतरही धान्य, भाजी, ढेप हौद्याला लागेल अशी मोकळी कधी भरू नका. खाली स्वच्छ ताडपत्री हवीच.

थोडक्यात

• पोत्यांचीच वाहतूक असेल तर रंग आणि ताडपत्री पुरे.
• मुरूम, खत, ढोरं, अवजारं असतील तर जाड लेप घ्यावा.
• भाव विचारताना मिलिमीटर विचारा, डबे मोजा.
• गंज काढल्याशिवाय आणि वेल्डिंग उरकल्याशिवाय लेप नको.
• भाजी, दूध, ढोरं यांसाठी फिका रंग.
• मुखवटा नाही तर काम नाही.

हे पत्रक गाडीच्या कागदांसोबत ठेवा. गटाची गाडी असेल तर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, कारण हौदा सर्वांचा असला की निगा कोणाचीच नसते. महिन्याला एकाची पाळी लावा. बंडी टिकत होती ती घरातलं कोणी ना कोणी रोज तिच्यावरून हात फिरवत होतं म्हणून. पिकअपलाही तेवढंच लागतं.